पुढेसरका चित्र काढतात

आमच्या समोरच्या घरातल्या गृहस्थांना आम्ही सगळे पुढेसरका म्हणतो. तोंडावर भाऊ, पाठीमागे पुढेसरका. सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून झाली आणि त्या नोकरीत सर्वांत जास्त वेळा उच्चारलेले शब्द हे दोनच. निवृत्त झाल्यावर बस सुटली, शब्द काही सुटले नाहीत. दुधाच्या दुकानापुढे रांग लागली की मागून आवाज येणारच, "पुढे सरका, पुढे जागा आहे." कोपऱ्यावरच्या टायरवाल्याचे वडील गेले, तेव्हा भेटायला आलेली माणसं दारातच खोळंबून उभी होती. तिथेही भाऊंच्या तोंडून ते निघालंच. टायरवाला रडता रडता हसला आणि मग हसलो म्हणून आणखी रडला.

वहिनींचे, म्हणजे त्यांच्या बायकोचे, त्या दिवसांतले हाल विचारू नका. नवरा जन्मभर पहाटे जायचा आणि त्या झोपल्यावर यायचा. ते घर त्यांनी आपल्या पद्धतीने लावलेलं होतं. आता हा माणूस दिवसभर स्वयंपाकघराच्या दारात एका हाताने चौकट धरून उभा. धरायला दांडा लागतो ना, सवय. डबे कुठले कुठे असावेत, पातेल्यावर कुठलं झाकण बसेल, कोण आत आलं, कोण बाहेर गेलं, सगळ्यावर देखरेख. वहिनी मला म्हणाल्या होत्या, नवरा घरी नाही म्हणून मी वीस वर्षं रडले आणि आता घरी आहे म्हणून रडायची पाळी आलीय. मी म्हटलं, मधली काही वर्षं हसून काढली असतीत तर हिशेब जुळला असता. त्यांनी मला लाटणं दाखवलं.

तर या भाऊंना चित्र काढायचं वेड लागलं. का लागलं, ते त्यांनी मलाच सांगितलं, जिन्यात, मी पायऱ्या पुसत असताना. वरून मला सूचना देत उभे होते, कोपरा राहिला म्हणून. मग एकदम म्हणाले, "ताई, इतकी माणसं माझ्यासमोरून गेली, पण मला एकाचाही चेहरा आठवत नाही. हात आठवतात."

गर्दीत तिकीट देणारा माणूस हातच बघतो. बोटात अंगठी असलेला हात, पीठ लागलेला हात, तिकीट घेताना थरथरणारा म्हातारा हात. चेहऱ्याकडे बघायला वेळ कुठला? आणि बायकोचा चेहरा, ते म्हणाले, मी सुट्टीच्या दिवशी तेवढा बघितला. आता एकदा नीट बघायचाय. बघायचा तर काढूनच बघायचा. खाली नाव लिहिलेलं नसताना कोणीही म्हणालं पाहिजे, ही अमकी.

मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं. मी म्हटलं, भाऊ, आधी सरळ रेघ येते का बघा, तुमची बस कधी सरळ गेली नाही. हसले बिचारे. पण मनावर घेतलं होतं.

बाजाराच्या रस्त्याला एक लाँड्री आहे, तिच्या वरच्या खोलीत चित्रकलेचा क्लास. खालून इस्त्रीची वाफ आणि खळीचा वास वर येतो आणि जिन्याच्या तोंडाशी पाटी : कोणालाही चित्र काढता येतं. क्लास चालवणारे मास्तर पूर्वी भरतकामासाठी कापडावर नक्षी उतरवून द्यायचे. बायका साड्या, उशांचे अभ्रे घेऊन यायच्या, मास्तर फुलं-पानं उतरवून द्यायचे. मग भरतकाम मशीन करायला लागलं आणि मास्तर क्लास घेऊ लागले. सुकडे, दोन्ही कानांवर एकेक पेन्सिल. मागून बघितलं तर गोगलगाय चाललीय असं वाटावं.

पहिले काही दिवस भाऊंची तिथे चांगलीच फजिती झाली. केटली काढली, तो बूट दिसला. बूट काढला, तो काय दिसला ते मी लिहीत नाही. भाऊ घरी येऊन जेवणाच्या ताटावर नुसते बसून राहिले. वहिनींनी विचारलं, तर म्हणाले, पाटी खोटी आहे, कोणालाही येत असेल, मला येत नाही, उद्यापासून जाणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा स्वयंपाकघराच्या दारात उभे. वहिनी भाजी चिरत होत्या, तर हे म्हणतात, जरा बारीक.

त्यानंतर काय झालं कोण जाणे, मास्तर स्वतः घरी आले. म्हणाले, तुमचा हात जड आहे, पण हात आहे. तुम्हाला मी वेगळा, जाड कागद देतो. फळीवर लावूनच ठेवत जाईन. तुम्ही यायचं, बसायचं आणि काढायचं. एकच नियम, कागदाला बोट लावायचं नाही. बोटांचं तेल कागदावर बसलं की शिसं धरत नाही. हाताखाली दुसरा कागद घ्यायचा.

नियम म्हटला की भाऊ खूश. नोकरी संपल्यापासून कोणी त्यांना नियम दिला नव्हता.

आणि काय सांगू, केटली आली. चोच, दांडा, झाकणावरचं बोंडूक, सगळं जागच्या जागी. मग बूट आला, लेससकट. मग लाँड्रीतली इस्त्री, मोडकी खुर्ची, दारामागे टांगलेली छत्री. भाऊ एकेक चित्र नुसत्या कडांना धरून आणून बाहेरच्या खोलीत लावू लागले आणि दार उघडं ठेवू लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला आत बोलवायचे. मी त्या केटलीत खोट काढायचा पुष्कळ प्रयत्न केला. आमच्या गल्लीत मी कोणाला चांगलं म्हटल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही आणि ती अब्रू मला जपायची होती. शेवटी म्हटलं, केटली बरी आहे, पण चहा गार वाटतो.

मग भाऊंचं प्रवचन सुरू झालं. मला येतं म्हणजे कोणालाही येतं. टायरवाल्याला ऐकवलं, लाँड्रीवाल्याला ऐकवलं, दूधवाल्याला गाडी थांबवून ऐकवलं. माणूस स्वतःच्या हाताला उगीच घाबरतो, म्हणे. मलाही एकदा समोर बसवलं, कप काढायला लावला. मी कागद सरळ करायला हात लावला तर केवढे दचकले. "बोट लावू नका, तेल लागतं." मी काढलेला कप बघून त्यांनी मास्तरांसारखं हुं केलं आणि म्हणाले, तुमचा हात जड आहे, पण हात आहे. मी म्हटलं, हात आहे हे मलाही माहीत होतं, रोज भांडी घासते.

एक गोष्ट मात्र त्यांना खात होती. घरी चित्र येत नव्हतं. क्लासमध्ये केटली आणि घरी पुन्हा बूट. मास्तर म्हणाले, घरचा उजेड बरोबर नाही. झालं. भाऊंनी टेबल खिडकीशी नेलं, मग दाराशी नेलं, मग बल्ब बदलले. माझ्या दोरीवरच्या चादरीची सावली पडते म्हणून मला चादर काढायला लावली. मी विचारलं, भाऊ, हात क्लासमध्येच विसरून येता का? तर गंभीरपणे म्हणाले, तसंच काहीतरी होतंय.

आणि वहिनींना बसवायचं म्हटलं की त्यांच्या अंगात मुंग्या. भाऊ म्हणायचे, पाच मिनिटं बस, नुसती बस. त्या बसायच्या आणि लगेच म्हणायच्या, गॅसवर काहीतरी आहे. गॅसवर काही नसलं तर कोणीतरी दार वाजवलं. कोणी दार वाजवलेलं नसलं तर माझ्याकडे काहीतरी मागायला यायच्या आणि इथे अर्धा तास आरामात बसायच्या. मी म्हणायचे, अहो, बसा की जरा त्यांच्यापुढे. त्या म्हणायच्या, मला बाई लाज वाटते, इतकं टक लावून बघतात, सवय नाही.

मास्तरांनी जाहीर केलं की आता चेहऱ्याचा धडा. आपल्या घरातला माणूस आठवा आणि तयारीने या. भाऊंच्या घरात माणूस एकच. त्या आठवड्यात भाऊ इतके खुशीत होते की दुधाच्या रांगेत कोणालाही पुढे सरकवलं नाही.

नेमके मास्तर तापाने आजारी पडले आणि क्लास बंद. भाऊंना धीर कुठला? क्लासची किल्ली खाली लाँड्रीवाल्याकडे असायची. त्यांनी ती घेतली, वर गेले, भिंतीला टेकवलेल्या फळ्यांमधून आपली फळी काढली, तिच्यावर कोरा जाड कागद लावलेलाच होता, आणि घरी घेऊन आले. वहिनी बहिणीकडे गेल्या होत्या. दुपार होती, उजेड हवा तसा होता, माझी चादर मी स्वतःहून आत घेतली होती.

बाजारातल्या फोटोवाल्याच्या काचेत एक चित्र लागलेलं होतं, सगळं काळं आणि त्यातून चेहरा उजळत आलेला. भाऊंना तसंच करायचं होतं. आधी सगळा कागद काळा करायचा, मग खोडरबराने पुसत पुसत बायको बाहेर काढायची. म्हणून त्यांनी पेन्सिल आडवी धरली आणि वरच्या कोपऱ्यापासून शिसं घासायला सुरुवात केली.

मी त्यांची बादली परत द्यायला गेले होते. म्हणजे खरं तर बघायला गेले होते, बादली नुसती हातात होती. दार नेहमीसारखं उघडं. भाऊ फळीवर वाकलेले आणि हात थांबलेला. मला वाटलं, छातीत दुखतंय की काय. जवळ गेले तर कागदाचा वरचा अर्धा भाग काळा झालेला आणि त्या काळ्यात पांढऱ्या रेघा, केसांचा भांग, कपाळ, चष्म्याची एक काडी.

भाऊंनी माझ्याकडे न बघता पेन्सिल पुढे चालवली. जिथे जिथे शिसं जात होतं, तिथे तिथे आणखी पांढऱ्या रेघा उमटत होत्या. नाक. ओठ. हनुवटीवरचा तीळ. कोणी काढत नव्हतं आणि चेहरा येत होता.

"ही कोण?" त्यांनी विचारलं.

मी मूर्खासारखी पटकन म्हणाले, "वहिनी की. अगदी हुबेहूब. नाव लिहायची गरजच नाही."

"मी काढली नाही," भाऊ म्हणाले.

तेव्हा त्यांनी नियम मोडला. कागदाला बोट लावलं. गर्दीत, अंधारात, दोन तिकिटं चिकटलीत की एकच आहे, हे नुसत्या अंगठ्याने ओळखणारा माणूस तो. अंगठा कागदावरून फिरला आणि थांबला. फिरला आणि थांबला. मग फळीवरून कागद काढून उलटा केला. पाठीमागे सगळा चेहरा बारीक उठून आलेला होता. मास्तर पूर्वी कार्बन कागदावरून सुकलेली रिफील फिरवून कापडावर नक्षी उतरवायचे, तशाच कोरड्या रेघांनी त्यांनी कागदात बायको दाबून ठेवली होती. वरून चालणाऱ्या पेन्सिलीने फक्त त्या खाचेत पडायचं, आणि आपोआप पुढे सरकायचं.

भाऊ उठले आणि भिंतीवरची चित्रं एकेक करून काढली. केटली उलटी केली, अंगठा फिरवला. बूट. इस्त्री. खुर्ची. मी बादली धरून उभी. 

वहिनी आल्या तेव्हा मी निघायला हवं होतं, पण भाऊ दाराच्या बाजूला होते आणि मला जाऊ देण्याचं त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी कागद टेबलावर ठेवला. आरडाओरडा नाही, काही नाही. तुम्हाला सांगते, आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"मी पाच मिनिटं बस म्हटलं की तुला गॅस आठवायचा," ते म्हणाले. "त्याच्यापुढे किती वेळ बसलीस?"

वहिनींच्या हातातली पिशवी तशीच राहिली. मग त्यांनी सगळं सांगितलं. केटलीचा बूट झाला त्या वेळी त्या स्वतःच मास्तरांकडे गेल्या होत्या. म्हणाल्या होत्या, काहीही करा पण यांना इथे टिकवा, घरी बसून हा माणूस खंगेल आणि माझंही डोकं फिरेल. तोड मास्तरांनी काढली, वहिनींनी होकार दिला. चेहऱ्याची वेळ आली तेव्हा मास्तर म्हणाले, तुमचा चेहरा मला एकदा बघावा लागेल. भाऊ दूध आणायला निघाले की वहिनी बाजाराचं निमित्त करून लाँड्रीवरच्या खोलीत जायच्या आणि बसायच्या. दोनदा बसल्या.

भाऊंनी विचारलं, तिथे लाज नाही वाटली?

वहिनी म्हणाल्या, नाही. मग त्यांना वाटलं असावं की हे चुकीचं बोलले, म्हणून म्हणाल्या, "ते परके ना."

बायकांनो, मी तुम्हाला सांगते, नवऱ्याला सांगायच्या खऱ्या कारणांमध्येसुद्धा काही कारणं सांगायची नसतात. भाऊंचा चेहरा मी तेव्हा बघितला आणि मला वाटलं, याचं चित्र कोणी काढू नये.

दुसऱ्या दिवशी भाऊ मास्तरांकडे गेले. मास्तर खाटेवर पांघरूण घेऊन पडलेले. काय झालं ते मला मास्तरांच्या बायकोकडून कळलं, म्हणजे पक्कं कळलं. मास्तरांनी माफी मागितली नाही. त्यांचं म्हणणं असं, की चित्र कोणालाही येतं, पण ते येईपर्यंत थांबायची ताकद कोणाकडे नसते. तिसऱ्या दिवशी माणूस पळतो. म्हणून मी खाच देतो, पेन्सिल तिच्यातून जाते, हाताला वळण लागतं. मग मी दर वेळी खाच हलकी करत जातो. तुमच्या छत्रीला तर खाच नव्हतीच. ती तुमची तुम्ही काढलीय. चेहरा अवघड, म्हणून पुन्हा जरा दाबलं.

भाऊ घरी आले आणि छत्री उलटी केली. अंगठा वरून खाली, डावीकडून उजवीकडे. पाठ गुळगुळीत. वहिनींना एवढा आनंद झाला की त्यांनी मला हाक मारली. मीही हात लावून बघितला, खरंच काही लागत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, बघा, ही तुमचीच आहे, मी म्हणत नव्हते?

भाऊ म्हणाले, "तू काय काय म्हणत नव्हतीस ते आता मला कळलंय." आणि म्हणाले, फसवणारा शेवटी शेवटी हात हलका ठेवतो. मास्तरचा हात माझ्या अंगठ्यापेक्षा हलका नसेल कशावरून? छत्री त्यांनी बाकीच्या चित्रांबरोबर कपाटावर टाकली. जी खरोखर त्यांची होती, निदान असू शकली असती, तीच त्यांनी सर्वांत जोरात टाकली.

मी समजूत घालायला गेले, तर मलाच विचारलं, ताई, तुम्हीच सांगा, आता मला येतं की येत नाही? मला काय ठाऊक? मला कपसुद्धा येत नाही. पण त्यांना तेवढंच हवं होतं, कोणीतरी खरं सांगणारं. त्या घरात खरं सांगायला आता माणूस उरला नव्हता.

मग सुरू झालं ते तुम्हाला चित्रकला वाटेल, मला शिक्षा वाटली. भाऊ दुकानातून साधे कागद घेऊन आले, स्वतः निवडून, प्रत्येकावरून अंगठा फिरवून. दुकानदार वैतागला. रोज दुपारी खिडकीशी खुर्ची मांडायची आणि आत हाक मारायची, येतेस का बसायला. आणि वहिनी येत होत्या. गॅस नाही, दार नाही, माझ्याकडे येणं नाही. हात मांडीत घेऊन पुतळ्यासारख्या. जे आधी मागून मिळत नव्हतं ते आता न मागता मिळत होतं आणि त्याची किंमत शून्य झाली होती.

चित्रं भयंकर यायची. एकात वहिनी टायरवाल्यासारख्या दिसल्या. मी म्हटलं, भाऊ, हे त्याच्या दुकानात लावा, गिऱ्हाईक वाढेल. मला हसून दाखवलं त्यांनी. पण वहिनी जवळ येऊन "छान झालंय" म्हणाल्या की संपलं, कागद टराटर फाडायचे. एकदा वहिनी म्हणाल्या, बरं, वाईट झालंय. तर म्हणाले, आता हेही मास्तरने शिकवलं का?  वहिनी मला जिन्यात म्हणाल्या, मी त्यांना टिकवायला गेले हो, आणि माझाच शब्द टिकला नाही.

असे कितीतरी दिवस गेले. मग एक दिवस त्या घाईघाईने आल्या, पदर ओला, चेहरा लाल. आज चांगलं आलंय, म्हणाल्या. खरंच आलंय. ते जेवायला उठले तेव्हा मी बघितलं. मी सांगितलं तर फाडतील. "तुम्ही जा. तुम्ही कोणाला चांगलं म्हणत नाही, तुमचं खरं वाटेल."

मी गेले. बादली न घेता गेले, हे माझं चुकलंच. भाऊंनी कागद माझ्यापुढे धरला आणि मी खोट शोधू लागले. कान जरा खाली होता. केस घाईत उरकले होते. पण ती बाई खुर्चीत बसलेली होती, उठायची मुभा नसल्यासारखी, आणि समोरच्याकडे बघत होती की तो आज तरी तिच्याकडे बघेल. गेले कित्येक दिवस मी जिन्यात बघत होते तोच चेहरा. नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"ह्या वहिनी," मी म्हणाले. "भाऊ, याला मी नावं ठेवू शकत नाही."

भाऊंचे डोळे क्षणभर उजळले. मी शपथेवर सांगते, उजळले. मग त्यांनी कागद खाली घेतला आणि शांतपणे विचारलं, "तिने पाठवलंय ना तुम्हाला?"

 पाठवलं होतंच. मी म्हटलं, कान जरा खाली आलाय.

त्यांनी कागद उलटा केला आणि आपल्याच हाताने काढलेल्या चित्राच्या पाठीवरून अंगठा फिरवला, वरपासून खालपर्यंत, दोन वेळा. फाडला नाही. भिंतीलाही लावला नाही. कपाटावर टाकला, फळीवर नवा कागद लावला आणि आत हाक मारली, येतेस का बसायला.

वहिनी हात पुसत आल्या आणि खुर्चीत बसल्या. बसता बसता त्यांनी माझ्याकडे बघितलं, झालं का, असं. मी हळूच, नाही अशी मान हलवली.

भाऊंनी ते पाहिलं आणि पेन्सिल खाली ठेवली.